सोपानभाऊंनी पास न केलेला गेम

सोपानभाऊ नवा गेम हातात आला की पहिला तासभर खेळायचेच नाहीत. गेममधल्या माणसाला घेऊन थेट भिंतीपाशी जायचे आणि त्याला भिंतीला घासत घासत चालवायचे. एक भिंत झाली की दुसरी. मग दारं, जिने, पाण्याच्या कडा. पडद्यावर शत्रू गोळ्या झाडतोय, घड्याळ उलटं धावतंय, पुढे चला म्हणून बाण नाचतोय, आणि हा गृहस्थ आपला शांतपणे भिंती घासतोय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना खेळता येत नाही. तसं मी तोंडावर म्हणालोही. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, "संपादक, खेळायला समदं गाव हाय. भिंती कोन बगनार?"

त्यांना जाऊन आता काही महिने झाले. गेल्यावर त्यांच्याबद्दल जे काही लिहून आलं ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'मराठी गेम-समीक्षेतला ऋषी' काय, 'मावळच्या मातीतली पारखी नजर' काय! हीच मंडळी हयातीत त्यांच्या लेखांखाली 'काका, आधी चष्मा बदला' असं लिहायची. आणि त्यातल्या एकूण एकाने आवर्जून नोंदवलंय की, 'घाटसुसाट' या आपल्या मराठी मातीतल्या स्केटबोर्डिंगच्या गेमला सोपानभाऊंनीही दहापैकी आठ गुण दिले होते. ते आठ त्यांनी दिलेले नाहीत. ते मी दिले. तेवढंच पुन्हा एकदा सांगायला बसलोय, पण माणूस कळल्याशिवाय ते आठ कळणार नाहीत.

तळेगावात स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी एक खोली आहे. तिथून मी व्हिडिओ गेमची समीक्षा करणारी मराठी साइट चालवतो. साताठ वर्षांपूर्वी एक दिवस कडक इस्त्रीची पँट घातलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि सहा इंची पोलादी पट्टी लावलेला एक माणूस वर आला. साठीच्या अलीकडचा. "गाड्यांच्या रेसचं तुमीच लिवलंय का?" म्हणाला. मी म्हटलं, हो. त्या गेमला मी नऊ गुण दिले होते आणि मला त्या लेखाचा फार अभिमान होता.

"पुलाखाली रस्त्याला भोक हाय. तुमी लिवलं न्हाई."

मी म्हटलं असं काही भोक नाही. त्यांनी खिशातून घडी काढून टेबलावर उलगडली. कारखान्यातल्या जुन्या तपासणीच्या फॉर्मची कोरी बाजू, त्यावर पट्टीने आखलेले रकाने. दोष: गाडी रस्त्यातून खाली पडते. ठिकाण: तिसरा पूल, डावी कड. तपासणी: वीस वेळा. दोष आढळला: अकरा वेळा. "एकदा घडलं तर घडलं," ते म्हणाले, "दुसऱ्यांदा घडलं का त्यो दोष." मी वैतागून घरी गेलो, कन्सोल लावला आणि तिसऱ्याच फेरीला माझी गाडी रस्त्यातून पाताळात गेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा पत्ता शोधत घोरावाडीला गेलो आणि माझ्यासाठी लिहा म्हणून पाय धरले.

घोरावाडी स्टेशनच्या पलीकडे त्यांच्या दोन खोल्या. मूळचे ते लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतले. विसाव्या वर्षी खाली तळेगावच्या कारखान्यात आले ते पत्र्याचा कीस झाडायला, आणि सुटले तेव्हा तपासणीच्या टेबलावर होते. तिथे प्रत्येक तपासनिसाचा स्वतःचा शिक्का असे. यांचा बारा नंबरचा. बारा नंबरचा शिक्का पडलेला पीस कुठेही मोडला की कंपनीला नाही, आधी बारा नंबरला बोलावणं यायचं. नव्या मशिनी आल्या आणि कंपनीने जुन्या माणसांना वेळेआधीच घरी बसवलं. त्याच सुमारास लेकीचं लग्न झालं आणि तिचा कन्सोल माहेरीच राहिला. "डबा आसाच पडून हुता. म्हनलं बगू आत काय हाय," अशी त्यांच्या समीक्षालेखनाची सुरुवात. कन्सोलला ते शेवटपर्यंत डबाच म्हणायचे आणि प्रत्येक गेमला पीस.

आमचं पहिलं भांडण गुणांवरून झालं. साइटवर प्रत्येक समीक्षेखाली दहापैकी गुणांची चौकट असते. जगभरचे गुण गोळा करून सरासरी काढणारी मंडळी असतात, त्यांना आकडा लागतो. सोपानभाऊ चौकट रिकामी सोडायचे. "दहापैकी सात म्हंजी काय वो? बसला का न्हाई बसला?" कारखान्यात त्यांच्याकडे एक दोन तोंडांचं गेज असायचं. त्याचं एक तोंड भोकात जायलाच हवं, आणि दुसरं जाता कामा नये. झालं तर पास, नाहीतर रिजेक्ट. "मधलं काय नसतंय संपादक. मधल्या पीसवर गाडी चालत न्हाई." शेवटी आमचं ठरलं. ते पास की रिजेक्ट एवढंच लिहिणार, आकडा मी भरणार. पास असेल तर सहाच्या वर, रिजेक्ट असेल तर चारच्या खाली. मधलं काही घालायचं नाही. स्वतःचं छापून आलेलं ते कधी उघडून बघत नसत. तपासून दिलेल्या पीसच्या मागे तपासनीस हिंडत नाही, म्हणायचे.

त्यांचं नाव झालं ते एका क्रिकेटच्या गेमवरून. चेंडू उंच उडाला की त्याची सावली मैदानावर किंचित उशिरा पडते, म्हणून झेल सुटतात, हे या माणसाने शोधलं. लोक वर्षभर स्वतःच्या बोटांना शिव्या घालत होते. कंपनीने निमूटपणे दुरुस्ती केली. तेव्हापासून आमच्या वाचकांत 'भाऊ पास' हा परवलीचा शब्द झाला. भाऊ पास असेल तरच घे, नाहीतर थांब. सासवडपासून साताऱ्यापर्यंत लोक असं लिहायचे. या शब्दावर मी जाहिराती मिळवत होतो, हेही सांगून टाकतो.

आणि हिरावहिनी. सोपानभाऊंच्या पत्नी. कंबरेत जरा वाकलेल्या, आवाज खणखणीत. भाऊ खाली चटईवर खेळायला बसले की वहिनी मागे खाटेवर भाजी निवडत बसायच्या आणि प्रत्येक गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायच्या. "अवो, त्यो मागनं येतोय!", "त्या बाईला येवढं तोकडं कापड का दिलं, गार न्हाई लागत?" असं त्यांचं चालू असायचं. वहिनींना अक्षरं येत नव्हती. आकडे मात्र पक्के. रेशनचे, एसटीचे, गॅसच्या टाकीवरचे. सहाच्या वर म्हणजे पास, हेही त्यांना भाऊंनी सांगून ठेवलेलं. खरं म्हणजे त्या दोघांचं मिळून ते एक समीक्षाखातं होतं. मी फक्त एकाचंच नाव छापत होतो.

मग 'घाटसुसाट' आला. पुण्यातल्या एका नव्या कंपनीने केलेला. फळीवर उभं राहून लोणावळ्याच्या बाजारातून सुसाट निघायचं, चिक्कीच्या दुकानांच्या पत्र्यांवरून उड्या मारायच्या, बंगल्यांच्या कठड्यांवरून घसरत खंडाळ्याला यायचं. आपल्याकडच्या माणसांनी घरच्या कन्सोलसाठी एवढा देखणा गेम केला, याचा सगळ्यांना कोण आनंद! कंपनीने समीक्षकांना खंडाळ्याला, दरीच्या तोंडावरच्या एका हॉटेलात बोलावलं. कॉर्नभजी, गरम चहा, मोठे पडदे. कंपनीचा निनाद नावाचा तरतरीत मुलगा प्रत्येकाला 'दादा दादा' करत होता. पहिल्या दोन लेव्हल दाखवल्या आणि प्रत्येकाला एक कॉपी देऊन घरी पाठवलं. भाऊ आले नव्हते, त्यांची कॉपी मी नेऊन दिली.

आठवड्यात समीक्षा पडायला लागल्या. 'धुकं इतकं खरं की चष्मा पुसावासा वाटतो.' 'मराठी मातीला चाकं फुटली.' 'स्थानिक रंगांची मनसोक्त उधळण.' साडेआठ, नऊ, आठ, नऊ. पुण्याचे, मुंबईचे, बाहेरच्या देशांतले. कोणी लिहिलं, तिसऱ्या लेव्हलमधला गावरान विनोद पोट धरून हसवतो. हे वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण त्यावर मीही मान डोलावली होती.

आमच्या समीक्षेचं काय झालं बघायला मी घोरावाडीला गेलो. भाऊ तिसऱ्या लेव्हलवर होते. ती लेव्हल म्हणजे डोंगरातली एक वाडी. कुडाच्या भिंतींची घरं, उतरती पायवाट, आणि त्या पायवाटेवरून डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन येणाऱ्या बायका. फळी त्यांच्यावर आदळली की बाई पडते, हंडा उडतो, मागून हशा ऐकू येतो आणि वर पन्नास गुण. भाऊंनी भिंती केव्हाच संपवल्या होत्या. आता ते बाईला पाडत होते. पाडायचं आणि फळी थांबवून बघत राहायचं. मागे सरकायचं, पुन्हा पाडायचं. शेजारी फॉर्मवर रेघा वाढत होत्या. मी चहा पीत फोनवर बोटं चालवत बसलो होतो.

"ती उठंना का?" वहिनींनी विचारलं.

"बगतोय."

"पन उठंल की ती."

भाऊंनी फळी रस्त्याकडेच्या कुत्र्यावर घातली. कुत्रं केकाटलं, उठलं आणि लंगडत पळालं. मग सेल्फी काढणाऱ्या पर्यटकांवर घातली. ते चटकन बाजूला झाले. दहादा घातली, दहाही वेळा बाजूला झाले. त्यांना धक्का लागतच नव्हता. मग पुन्हा बाईवर. बाई पडली, तशीच पडून राहिली आणि चार सेकंदांनी दिसेनाशी झाली. हंडा मात्र गडगडत पार खालच्या वळणापर्यंत जात होता, दगडागणिक वेगळा आवाज करत. त्या आवाजावर कोणीतरी फार मेहनत घेतली होती.

वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "लगीन होऊन सा म्हैने झालते भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "हे खाली कंपनीत, मी वर वाडीत सासूपाशी. झऱ्यावरनं येताना पाय सटाकला. ही कंबर तवाची. आजूबाजूला कुनी न्हाई, हाक मारली तर ऐकाया बी कुनी न्हाई. पन मी उठले. हंडा चेपलेला, त्यो उचलला. घरात पानी न्हवतं म्हून परत झऱ्यावर गेले. आन् ही अशीच पडून ऱ्हाती व्हय? आन् वर पाडनाऱ्याला पन्नास?"

"मला आइतवारी घरी गेलो तवा कळलं," भाऊ हळू म्हणाले. ते पडद्याशी बोलले की वहिनींशी, मला कळलं नाही.

त्यांनी दिलेला कागद माझ्याकडे आहे. त्यात एक अक्षर रागाचं नाही. 'फळी उत्तम वळते. कठड्यावरचा आवाज बरोबर. धुके चांगले. भिंतींना कुठे भोक नाही. लेव्हल तीन: हंडेवाली बाई पडल्यावर उठत नाही. तपासणी चाळीस वेळा, दोष चाळीस वेळा. कुत्रे उठते. पर्यटक पडत नाही. बाईला पाडल्याबद्दल गुण पन्नास. निर्णय: रिजेक्ट. उपाय: बाईला उठवावे व गुण काढून टाकावेत. एवढे केल्यास पास.' कागद माझ्या हातात देताना ते वहिनींकडे वळून म्हणाले, "लिवून दिलंय बरं का. आता उठवतील तिला." क्रिकेटच्या चेंडूची सावली दुरुस्त झाली होती, मग एवढंही होईल, असा साधा हिशेब होता त्यांचा.

आता माझी करणी ऐका. निनादचा फोन आला. त्याला कुणकुण लागली होती, कारण मीच बोललो होतो. "दादा, अरे ती कॉमेडी आहे! माझी तीस पोरं तीन वर्षं राबलीत. सरासरी आठच्या खाली घसरली तर दुसरा भाग निघणार नाही. एका बाईपायी?" मग हळूच म्हणाला, "आणि दिवाळीपर्यंत तुझ्या साइटवर आमचीच जाहिरात ठेवायचा विचार आहे." मी काही कुक्कुलं बाळ नव्हतो. मला सगळं कळत होतं. चौकटीत मी आठ लिहिले. बाईचा, कुत्र्याचा, पर्यटकांचा मजकूर उडवला आणि त्या जागी लिहिलं, 'तिसऱ्या लेव्हलमध्ये किरकोळ सुधारणेला वाव आहे.' वाव! चाळीस वेळा पडलेल्या बाईला मी वाव म्हणालो. वर भाऊंना फोन करून सांगितलं, "टाकलं बरं का तुमचं." आकड्याचं बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही, त्यांना कधी विचारावंच लागलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी हिरावहिनी तळेगावच्या बाजारात गेल्या होत्या. टीव्ही-मोबाइलच्या एका दुकानाच्या काचेवर कंपनीचं भलंथोरलं पोस्टर लागलेलं. वर फळीवर उडी मारणारी मुलगी, खाली सोपानभाऊंचा हसरा फोटो आणि शेजारी हातभर उंचीचा आठाचा आकडा. फोटो मीच दिला होता. अक्षरं वहिनींना येत नव्हतीच, पण तिथे अक्षरांची गरज काय होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ जिना चढून वर आले.

"पीस कुनी पास केला?"

"भाऊ, बसा आधी."

"बसाया न्हाई आलो. कुनी केला?"

"मी."

"कशावर?"

मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा. "सगळ्यांनी आठ-नऊ दिलेत भाऊ! एवढे सगळे आंधळे, आणि तुम्ही एकटेच डोळस?"

या माणसाची पंचाईत अशी, की टोमणा मारला तरी तो त्याला प्रश्न समजून खरंखुरं उत्तर शोधायचा. ते विचार करून म्हणाले, "आंधळे न्हाईत. त्यांनी तिला चुकवलं आसंल. फळी फुडं न्यायची घाई आसती. पाडलं आसंल तरी थांबून बगितलं नसंल." मग माझ्याकडे बघून, "तुमी सोता पाडून बगितलं का?"

मी तिसऱ्या लेव्हलपर्यंत खेळलोच नव्हतो. तसं सांगितलं. ते खरोखर दचकले. न तपासता कोणी शिक्का मारू शकतो, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं.

"साइटीवर काय करायचं ते तुमचं तुमी बगा," शेवटी म्हणाले. "मी आता लिवनार न्हाई. पन घरी चला. हिला सांगा, का हे माझं न्हाई. मी सांगितलं, पन फोटू माझा हाय म्हनती. तुमच्या तोंडनं आयकलं म्हंजी पटंल."

"येतो भाऊ. आज जरा गडबड आहे. उद्या नक्की."

उद्या! रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "आज येताय का?" आणि रोज मी उद्या म्हणायचो. कसली गडबड आणि कसलं काय. तळेगावहून घोरावाडी म्हणजे लोकलचं एक स्टेशन. मला वहिनींसमोर उभं राहायची लाज वाटत होती आणि ती लाज झाकायला मी कामं उकरून काढत होतो. एकदा विचारलं, वहिनी बोलत नाहीत का तुमच्याशी? तर म्हणाले, "बोलती की. मीठ देऊ का इचारती. पन आता खाटंवर येऊन बसत न्हाई. मी बी डबा लावला न्हाई." यात तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. पाच-सहा दिवसांनी मी फोन उचलायचंही टाळायला लागलो.

मग एक दिवस त्यांचा फोन आला नाही, आणि मला हायसं वाटलं. हो, हायसं वाटलं. दुपारी त्यांच्या लेकीने कळवलं. सकाळी अंघोळीला उठले, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

स्मशानात मी गेलो. चार माणसांसारखा मान खाली घालून उभा राहिलो आणि परत आलो. तेराव्यानंतर, लेक सासरी परतल्यावर, घोरावाडीला गेलो. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो तसाच ठेवून एका दमात सगळं सांगितलं. आठ माझे, वाक्य माझं, फोटो दिला तोही मीच. भाऊंनी रिजेक्ट लिहिलं होतं. तो कागद दाखवला. त्यांनी रकान्यातल्या चाळीस आणि चाळीसवर बोट फिरवलं.

"म्हंजी त्यांनी न्हवतं केलं."

"नाही वहिनी."

"मला म्हनले हुते. बारा दिस म्हनत हुते. मीच आयकलं न्हाई." मग त्यांचा आवाज असा फुटला की शेजारीण दारात आली. "आन् तुमी कुटं हुता? तळेगाव काय काशीला हाय? रोज फोन करायचे, रोज! चहाचं आदन टाक, संपादक येनारेत म्हनायचे. येक डाव यायचं हुतं भाऊजी. येक डाव! माज्या तोंडाकडं बगत बगत गेला त्यो मानूस!"

मी शेण खाल्लं होतं. शेजारीण माझ्याकडे बघत होती. वहिनींनी पदराने तोंड पुसलं आणि कोपऱ्यातल्या कन्सोलकडे हात केला.

"लावा."

"वहिनी, आता..."

"लावा म्हनते ना. तुमी सोता लावा. मला बगायचंय."

दहा वर्षं गेमवर लिहिणारा मी, पण तिसऱ्या लेव्हलला पोचायला मला दीड तास लागला. वहिनी खाटेवर बसून होत्या. वाडीची पायवाट आली, समोरून हंडेवाली आली आणि माझ्या अंगठ्याने आपोआप फळी बाजूला घेतली.

"चुकवू नका," वहिनी म्हणाल्या.

मी मागे आलो. या वेळी फळी सरळ नेली. बाई पडली, हंडा उडाला, हशा झाला, वर पन्नास आले. मी थांबलो. वहिनी बोटांवर मोजत होत्या. येक, दोन, तीन, चार. पायवाट मोकळी झाली.

"परत."

मी परत पाडलं. सहाव्या की सातव्या वेळेला मला इतका संताप आला, की समोर निनाद असता तर मी त्याचं काय केलं असतं सांगता येत नाही. पण समोर निनाद नव्हता. कंट्रोलर माझ्या हातात होता. वहिनींनी मला पुरे म्हटलं नाही. फॉर्मवर चाळीस लिहिलं होतं, म्हणून चाळीस वेळा पाडायला लावलं. संपल्यावर म्हणाल्या, "आता लिवा. तुमच्या नावानं. त्यांचं नाव नगं त्यात. फोटू बी तुमचाच लावा."

मी लिहिलं. चौकटीत आकडा भरला नाही. भाऊंची खरी समीक्षाही जशीच्या तशी छापली आणि तिच्यात मी काय केलं होतं तेही. जाहिरात दुसऱ्याच दिवशी गेली, ते बरंच झालं. खाली शेकड्याने शेरे आले. 'विनोद कळत नाही का?' 'मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढणार.' 'मेलेल्या माणसाच्या नावावर प्रसिद्धी.' समीक्षक मित्रांनी खासगीत फोन केले, तू म्हणतोस ते बरोबर आहे रे, पण आता गुण कसे बदलणार? बदलता येतात. एका हाताच्या एका बोटाने बदलता येतात. एकानेही बदलले नाहीत. सरासरी आहे तिथेच आहे आणि दुसऱ्या भागाची घोषणाही झाली.

गेल्या आठवड्यात 'घाटसुसाट'ची नवी दुरुस्ती आली. सोबत लांबलचक यादी होती. सहा नव्या फळ्या, नवे शर्ट, दाट केलेलं धुकं, कुत्र्याच्या चालीत सुधारणा. मी कन्सोल लावला, तिसऱ्या लेव्हलला गेलो, बाईला पाडलं आणि थांबलो. चार सेकंद. गायब. पुन्हा पाडलं, पुन्हा तेच. वीस वेळा करून मी हिरावहिनींना फोन लावला.

"वहिनी, नाही उठवली त्यांनी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केलेला ऐकू आला.

"मग?" त्या म्हणाल्या. "परत लिवा."